चार मीटरची मोटार, अठरा फुटांची बोट

गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी पत्र्याची एक शेड आहे. तिथे फायबरच्या होड्या होतात. नाताळच्या आदल्या आठवड्यात एक अख्खी दुपार मी तिथे काढली. मध्यभागी साचा होता, म्हणजे होडीचाच पोकळ ठसा, तोंड वर करून लाकडी घोड्यांवर बसवलेला. मिस्त्रींनी आधी त्याला मेण घासून चकचकीत केले होते, त्यावर जेलकोटचा, म्हणजे होडीचे बाहेरचे गुळगुळीत अंग होणाऱ्या थराचा, हात दिला होता आणि आता ते काचतंतूंची मॅट बसवत होते. पांढऱ्या केसाळ कापडासारखी दिसणारी ही मॅट रेझिन या चिकट द्रावाने भिजली की पाहता पाहता काचेसारखी पारदर्शक होते. मग लोखंडी चकत्यांचा रोलर तिच्यावरून फिरतो आणि आत अडकलेले बुडबुडे कडेला ढकलतो. हार्डनर घातलेले रेझिन मगात पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होते, म्हणून मिस्त्री बोलत होते तेही हात न थांबवता. ‘वारें भितर उरल्यार दोन पावसांनी थंय फुटता,’ ते म्हणाले. हवेचा एक बुडबुडा आत राहिला की दोन पावसाळ्यांत नेमका तिथेच पापुद्रा सुटतो.

या साच्यातून अठरा फुटांची होडी निघते. मासेमाराने ती घेतली तर तिच्यावर जीएसटी ५ टक्के. त्याच साच्यातली, त्याच रेझिनची, त्याच हातांनी केलेली होडी एखाद्या कुटुंबाने रविवारी नदीत फिरायला घेतली, तिच्यात गादीच्या दोन बैठका आणि वर कापडी छत घातले, की तोच कर ४० टक्के होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जे नवे दर लागू झाले, त्यांत यॉट आणि मौजेच्या किंवा खेळाच्या इतर नौका असा एकच कप्पा आहे. मुंबईच्या उद्योगपतीची शंभर फुटी यॉट त्यातच बसते आणि डिचोलीच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाची अठरा फुटी होडीही त्यातच.

मासेमाराचे ५ टक्के योग्यच आहेत, त्यांना कुणी हात लावू नये. माझी तक्रार दुसरीकडे आहे. त्याच दरपत्रकात मोटारींसाठी रेषा आखलेली आहे. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची गाडी १८ टक्क्यांत, त्यावरची ४० टक्क्यांत. मोटारसायकलींना ३५० सीसीची रेषा आहे. म्हणजे एकाच जातीच्या वस्तूत लहान आणि मोठे असा फरक करता येतो, आणि लहान वस्तू घेणाऱ्या माणसाला चैनखोर समजू नये, हे सरकारला मान्य आहे. मग पाण्यावर ही रेषा का नाही? गोव्याने ती मागून घेतली पाहिजे. जीएसटी परिषदेत आपल्या राज्यालाही खुर्ची आहे, आणि या प्रश्नावर तिथे बोलण्याचा आपल्याइतका हक्क फार थोड्या राज्यांना असेल.

‘श्रीमंतांच्या खेळण्यांची काळजी आपण का करायची?’ असे एका मित्राने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला जगातल्या सर्वांत महागड्या मोटरबोटी बांधणाऱ्यांच्या वाटचालीत सापडते, म्हणून ती जरा निवांत सांगतो.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल नावाचे बंदर आहे. १९६९ साली रॉबर्ट ब्रेथवेट यांनी तिथे पूल पॉवर बोट्स ही कंपनी काढली, तीच पुढे सनसीकर म्हणून जगभर गाजली. सुरुवात लहान स्पोर्ट्स बोटींपासून झाली. मग गिऱ्हाईक श्रीमंत होत गेले तशी बोट लांबत गेली आणि शंभर फूट ओलांडून पुढे गेली. यात नवल काही नाही. बोट घेणारा माणूस सहसा एका बोटीवर थांबत नाही. चार-पाच वर्षांनी त्याला आणखी एक खोली हवी असते, आणि तुमच्या यादीत ती बोट नसली तर तो दुसऱ्या यार्डात जातो. शिवाय एका बोटीमागे हातात उरणारा पैसा मोठ्या बोटीत जास्त. म्हणून प्रत्येक बांधणाऱ्याला वरची पायरी खुणावत असते.

पण वरच्या पायरीचा हिशेब सरळ नाही. प्रमाण तेच ठेवून बोटीची लांबी दुप्पट केली तर तिचे आकारमान आठपट होते. साहित्य, इंजिन, वायरिंग, सुतारकाम सगळे त्याच चालीने वाढत जाते. युरोपात अडीच ते चोवीस मीटर लांबीच्या मौजेच्या बोटींसाठी एक नियमावली आहे. चोवीस मीटर ओलांडले की ती संपते आणि बोट जहाजांच्या नियमांच्या हद्दीत शिरते. लहान बोटीच्या एका साच्यातून शेकडो बोटी काढता येतात. शंभर फुटांची बोट मात्र अंगावर माप घेऊन शिवलेल्या कपड्यासारखी, न्हाणीघरात संगमरवर कोणता इथपासून सगळे मालकाच्या मर्जीचे. अशी एक ऑर्डर रद्द झाली तर यार्डाचे अख्खे वर्ष बुडते.

२००८च्या मंदीत हे सगळे उघडे पडले. मधल्या आकाराच्या बोटी घेणारे बरेचसे लोक कर्ज काढून घेणारे होते. बँकांनी हात आखडले तसे ते गिऱ्हाईक नाहीसे झाले. प्रामुख्याने या मधल्या आकारात काम करणारी फेअरलाइन ही जुनी इंग्रज कंपनी २०१५ साली दिवाळखोरीच्या दारात गेली. सनसीकर त्याआधीच, २०१३ साली, चीनच्या वांडा समूहाकडे गेली होती. यातून सावरताना या कंपन्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी दोन्ही टोके एकदम धरली. सनसीकरने ॲल्युमिनियमच्या मोठ्या यॉटसाठी नेदरलँड्समधल्या एका यार्डाशी हात मिळवला, आणि त्याच सुमारास, २०१९ साली, हॉक ३८ ही अडतीस फुटांची, मागे आउटबोर्ड इंजिने लावलेली उघडी बोट काढली. प्लिमथची प्रिन्सेस ही १९६५ पासूनची कंपनी. चाळीस मीटरच्या यॉटपर्यंत पोचल्यावर तिने २०१८ साली आर ३५ आणली. पस्तीस फूट लांबी, कार्बन फायबरचे अंग आणि पाण्याखाली संगणकाच्या हुकमाने हलणारे पंख. शर्यतीच्या शिडांच्या नौकांवर काम केलेले तंत्रज्ञ त्यांनी या एवढ्याशा बोटीसाठी कामाला लावले. नवे तंत्र आधी लहान बोटीवर उतरवून पाहणे परवडते, आणि तिशी-पस्तिशीतला पहिल्यांदाच बोट घेणारा माणूस तिच्याच वाटेने कंपनीच्या दारात येतो. शिडीची खालची पायरीच काढून टाकली तर वरच्या पायरीवर चढणार कोण?

सर्वांत बोलके उदाहरण मला इटलीच्या रिवाचे वाटते. इझेओ तलावाच्या काठी सार्निको या गावात १८४२ पासून ही कंपनी बोटी बांधते आहे. १९६२ साली त्यांनी अक्वारामा काढली. महोगनीच्या लाकडाची, आरशासारखे वार्निश केलेली, सव्वीस-सत्तावीस फुटांची, म्हणजे आपल्या शेडमधल्या होडीपेक्षा फार मोठी नाही. भूमध्य समुद्रावर जी काही ऐट म्हणतात ती या बोटीच्या रूपाने लोकांच्या डोळ्यांत राहिली. २००० साली रिवा फेरेत्ती समूहात गेली आणि २०१९ साली त्या नावाने पन्नास मीटरची धातूची यॉट पाण्यात उतरली. तिच्या कुशीवर जे नाव आहे ते कमावले आठ मीटरच्या लाकडी बोटीने. हात तिथे घडले, नजर तिथे घडली, विश्वास तिथे बसला.

आपण गोव्यात नेमके उलट बोलतो. आपल्याकडे बोटींचा विषय निघाला की मरिना (यॉट लावून ठेवायची बंदरे), मोठ्या यॉट, परदेशी पाहुणे यांचीच चित्रे रंगतात. खालची पायरी कुणाच्या बोलण्यात येतच नाही. ज्यांना बोट बांधता येते असे लोक इथे नसते तर गोष्ट वेगळी होती. वास्कोचे गोवा शिपयार्ड १९५७ पासून उभे आहे आणि तटरक्षक दलाच्या व नौदलाच्या गस्ती नौका बांधते. पण त्याहून मला जवळची वाटते ती दिवाडी बेटावरची गोष्ट. तिथल्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये ‘म्हादेई’ बांधली गेली, छप्पन्न फुटांची शिडाची नौका. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. २०१३ साली अभिलाष टॉमी कुठेही न थांबता तोच फेरा पुरा करून परतले. त्याच यार्डात बांधलेल्या ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. आपल्या नदीचे नाव घेतलेली नौका आपल्याच बेटावर बांधली जाते आणि केप हॉर्नला वळसा घालून परत येते, याहून मोठी हमी कुठल्या गिऱ्हाइकाला हवी? एवढ्या कौशल्याच्या जमिनीवर लहान मोटरबोटींचा धंदा उभा राहत नसेल, तर उणीव हातांत नाही.

मोठ्यावरच विसंबून राहिले की काय होते हेही आपण पाहिले आहे. मी पिळगावचा. सारमानशाच्या धक्क्यावर खनिज वाहणाऱ्या सपाट तळाच्या बार्जेस पाहत माझे बालपण गेले. माझे मामा बार्ज बांधणाऱ्या एका यार्डात वेल्डर होते. मांडवी आणि झुवारीच्या काठांवरची बरीच यार्डे त्या काळी एकाच गिऱ्हाइकावर जगत होती, ते म्हणजे खाण. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मग थोड्या चालू झाल्या, आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. नदीत बार्जेस तीन-तीनच्या रांगेत बांधून ठेवलेल्या मला आठवतात, भरतीला एकमेकींना घासणाऱ्या, गंजाचे ओघळ पाण्याच्या रेषेपर्यंत आलेल्या. खनिजात चूक कुणाची, न्यायालयाचा निकाल बरोबर की चूक, हा इथला विषय नाही. मामांचा वेल्डिंगचा मुखवटा दोन वर्षे दाराआडच्या खिळ्याला लटकत होता आणि ते डिचोलीच्या बाजारात नारळ विकत होते. दोन हजार टनांची बार्ज बांधणारे हात अठरा फुटांच्या होडीकडे वळू शकले असते, पण तो धंदा तिथे नव्हताच. पन्नास लहान गिऱ्हाइके एका दिवशी बंद पडत नाहीत.

आता आपल्या नद्यांविषयी. मांडवी, झुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा हे तिन्ही राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर झाले आहेत. पण कागदावरचा जलमार्ग आणि प्रत्यक्षातली नदी यांत फरक असतो. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादची वाळूची पट्टी वर येते आणि पूर्वीपासून त्या दिवसांत वाहतूक कालव्यातून झुवारीकडे वळत आली आहे. नदीच्या दोन्ही काठांना खाजने आहेत, मातीच्या बांधांनी खारे पाणी अडवून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली. जड बोट वेगाने गेली की तिच्या मागची लाट बांधाच्या पायाशी आपटते आणि माती सुटते. बार्जेसच्या लाटांबद्दल खाजनांच्या शेतकऱ्यांनी किती वर्षे तक्रारी केल्या! जड आणि मोठी मौजेची यॉट त्याच नदीतून नेण्यापेक्षा हलकी, हळू चालणारी लहान बोट तिथे जास्त शोभते.

झुवारीकाठच्या नावशीला मरिना करण्याचा बेत निघाला तेव्हापासून तिथले मासेमार विरोधात उभे आहेत. त्यांचे म्हणणे मला पटते. त्यांच्या होड्या लागतात तो काठ, त्यांची जाळी पडतात ते पाणी, आणि समोर चिखलीच्या खाडीत ते पातळ चपटे शिंपले, जे गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवत असत. मोठ्या यॉटला खोल पाणी लागते, काँक्रीट लागते, पावसाळ्यात उचलून ठेवायला क्रेन आणि मोठे आवार लागते. अठरा-वीस फुटांच्या बोटीला ट्रेलर आणि पाण्यापर्यंत जाणारा एक उतार पुरतो. जून लागला की मासेमार आपली होडी काठावर ओढून झापांनी झाकतो, तशी ही बोटही घरामागच्या आवारात ताडपत्रीखाली पावसाळा काढते. मरिनावर जो पैसा खर्च करायचे बेत चालले आहेत त्याच्या थोड्याशा भागात दहा-बारा गावांत सार्वजनिक उतार बांधता येतील, आणि ते मासेमारांच्याही उपयोगाचे ठरतील. जागा मात्र त्यांना विचारूनच ठरली पाहिजे. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले तेव्हा रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मासेमारांना, कुणी विचारले नव्हते. त्यांना रस्त्यावर उतरावे लागले, तेव्हा कुठे १९८०चा मासेमारी नियमनाचा कायदा झाला. ती चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.

लहान बोटी वाढल्या तर अपघात वाढतील, ही भीती मी हलक्यात घेत नाही. २०२४च्या नाताळच्या दिवशी कळंगुटसमोर पर्यटकांची बोट उलटून एक माणूस गेला. पण कर जास्त ठेवल्याने बोट सुरक्षित होत नाही. ती होते चालवणाऱ्याच्या परवान्याने, लाइफ जॅकेटच्या सक्तीने, किती माणसे बसवायची हे बोटीवर ठळक लिहिल्याने आणि ते पाळले जाते का हे पाहायला धक्क्यावर माणूस ठेवल्याने. सवलत हवी असेल तर या अटी पाळा, असे म्हणता येईल. ४० टक्क्यांच्या भीतीने आज काय होते, तर माणूस नवी बोट घ्यायचे सोडून कुठली तरी जुनी होडी आणतो, तिच्यावर झेपणार नाही एवढे इंजिन चढवतो आणि नदीत उतरतो. त्या होडीच्या अंगात किती बुडबुडे आहेत हे कुणालाच ठाऊक नसते.

महसूल बुडेल म्हणावे तर न विकल्या गेलेल्या बोटीवरचा ४० टक्के कर तिजोरीत काहीच भरत नाही. शंभर फुटांच्या यॉटवर तो खुशाल राहू द्यावा, ती घेणाऱ्याला तो जड जात नाही. रेषा कुठे ओढायची? मी आठ मीटर म्हणेन, आणि त्याबरोबर इंजिनाच्या ताकदीची मर्यादा. आठ मीटरची बोट साधारण अडीच मीटर रुंद भरते, म्हणजे ट्रेलरवर घालून रस्त्याने नेता येते, आणि जी बोट रस्त्याने घरी नेता येते तिला मरिना लागत नाही. मोटारीप्रमाणे तिलाही १८ टक्के लावा. कुणी सहा मीटर म्हणेल, कुणी नऊ. वाद घालू, पण आधी रेषा तर येऊ द्या.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. नुसत्या लहान बोटींवर मोठे यार्ड जगत नाही. दर बोटीमागे उरते थोडे, आणि खप कमी झाला की लगेच चटका बसतो. युरोपातल्या कंपन्या मोठ्या बोटींकडे गेल्या त्या केवळ हौसेने नव्हे. उद्या आपल्याकडच्या एखाद्या शेडचे यार्ड झाले आणि ते साठ फुटी यॉट बांधू लागले तर मला आनंदच होईल. ‘म्हादेई’ बांधणाऱ्यांनी ते शक्य आहे हे दाखवलेच आहे. पण त्या साठ फुटांसाठी मॅट बसवणारी, रोलर फिरवणारी, इंजिनाची बैठक नेमकी समतल करणारी पंधरा-वीस पोरे कुठून तयार होणार? ती अठरा फुटी साच्यावरच शिकतील. तिथे चूक झाली तर एक होडी वाया जाते, साठ फुटीवर चूक झाली तर यार्ड जाते.

त्या दुपारी मिस्त्रींच्या हाताखाली एकच मुलगा होता, आयटीआय झालेला, तोही पुढच्या महिन्यात बोटीवर कामाला म्हणून दुबईला जाणारा. चारच्या सुमारास मिस्त्रींचा फोन वाजला. बेंगळुरूहून कुणी तरी चौकशी करत होते. काणकोणला घर घेतले आहे, मुलांना घेऊन नदीत फिरायला लहान बोट हवी आहे. मिस्त्रींनी हात पुसून फोन कानाला लावला, लांबी सांगितली, इंजिन वेगळे पडेल म्हणून सांगितले, किंमत सांगितली. पलीकडचा माणूस खूष झालेला इकडे ऐकू येत होता. मग मिस्त्रींनी कर सांगितला. थोडा वेळ काही आवाज आला नाही. ‘कळवतो,’ एवढेच तिकडून ऐकू आले. मिस्त्रींनी फोन फळीवर ठेवला आणि मगातले रेझिन ढवळून पाहिले. ते घट्ट झाले होते. मग त्यांनी मगच कोपऱ्यातल्या ढिगावर टाकला आणि नवे रेझिन ओतायला घेतले, साच्यातली मासेमाराची होडी तेवढी अजून पुरी व्हायची होती.